फेरी नको, अस्वल लिहा

प्राणिसंग्रहालयात त्याला सगळे रेडिओ म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. माणूस एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कुणाला सापडायचं नाही. अस्वलांचा कीपर तो; पण मोर, हरणं, माकडं, तिकीट फाडणारा, पाण्याचा नळ, सगळ्यांची खबरबात त्याच्याकडे. त्याला विचारा, "काय, जेवलास का?" तर उत्तर सकाळच्या चहापासून सुरू होणार आणि जेवणापर्यंत पोहोचेपर्यंत विचारणाऱ्याचं जेवण गार होणार. मनानं मात्र सोनं. आणि अस्वलांच्या बाबतीत तर विचारूच नका. त्याच्यासारखी जनावराची पारख असलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्याच्या अस्वलांतली सगळ्यांत वयस्कर मादी, तिला तो म्हातारी म्हणायचा. तर ही म्हातारी खाईनाशी झाली. दिवसेंदिवस वाळत चालली. अंगावरची कातडी सैल पडली, जणू मोठ्या बहिणीचा कोट घालून फिरतेय. प्राणिसंग्रहालयाचे डॉक्टर आले, जाळीबाहेरून पाहून गेले, म्हणाले, "वय झालंय." साहेबही म्हणाले, वय झालंय. साहेब काही दुष्ट नव्हते. पण उपाशी राहून तिचे हाल होण्यापेक्षा इंजेक्शन देऊन शांतपणे झोपवलेलं बरं, असं त्यांचं मत पडलं. येत्या सोमवारी मीटिंग होती. तिथे ते ठरणार होतं.

रेडिओचं जेवण गेलं. "साहेब, तिच्या तोंडात काहीतरी दुखतंय. वयाचं नाही हे."

डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडून बघायचं तर तिला भूल द्यावी लागेल. या वयात भूल म्हणजे जिवाशी खेळ. नुसत्या तुझ्या वाटण्यावर मी ते करणार नाही. हां, जनावरांच्या दातांचे एक मोठे डॉक्टर आहेत. त्यांना वाटलं तर ते येतील. तू लिही त्यांना. तिला रोज तूच बघतोस."

आता आली का पंचाईत! बोलायचं असतं तर त्यानं डोंगर हलवला असता. पण लिहायचं? तरी बसला बिचारा, पानंच्या पानं लिहिली, ऑफिसातल्या बाईंना टाइप करायला लावली आणि ईमेल धाडून दिली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. ते असं होतं: "वाचलं. मोर छान दिसतोय. अस्वलाला काय झालंय? एका परिच्छेदात कळवा. त्याहून जास्त वाचायला मला वेळ होत नाही."

ऑफिसात जो हशा पिकला, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

घरी आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. घरात त्या दिवसांत सासूबाई राहायला आल्या होत्या. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यालाही वाचायची बंदी. उभी हयात शाळेत मुलांना लिहायला शिकवण्यात गेलेली बाई. तिच्यासमोर पुस्तक धरायचं नाही म्हणजे शिक्षाच की! दिवसभर खिडकीशी बसून त्या रस्त्यावरचे आवाज ऐकायच्या आणि कंटाळायच्या. जावयाला त्यांचा धाक होता. लग्नाच्या वेळी त्यानं पाठवलेल्या पत्रातल्या चुका त्यांनी तांबड्या शाईनं दुरुस्त करून परत पाठवल्या होत्या, हे त्याची बायको अजून पाहुण्यांना हसतहसत सांगते.

"जावईबापू, आज फारच गप्प आहात," सासूबाई म्हणाल्या. "तब्येत बरी आहे ना?"

बायकोनं आतून ओरडून सगळं सांगून टाकलं, मोरासकट.

"वाचा बरं काय लिहिलंत ते," सासूबाई म्हणाल्या.

"राहू द्या हो आई."

"वाचा म्हणते ना. मला तरी दुसरं काय काम आहे?"

त्यानं कागद काढला. घसा खाकरला. "सकाळी गेट उघडलं. धुकं होतं. मोरांना दाणे टाकले. त्यांतला मोठा मोर हल्ली फार मस्तीला आलाय, परवा त्यानं झाडूवाल्याच्या टोपीवर झेप घेतली. मग हरणांकडे गेलो. मग अस्वलांकडे. म्हातारी उठलेली नव्हती. नळाला पाणी बारीक येत होतं, ते प्लंबरला सांगितलं, तो म्हणाला उद्या येतो. मग माकडांकडे. परत येताना बघितलं तर म्हातारीनं भोपळा खाल्ला होता, गाजर तसंच होतं. मग पावणेदहाची शाळेची सहल आली..."

सासूबाईंच्या हातात चहाचा चमचा होता. मोर आला तसा त्यांनी तो टेबलावर टक्‌ करून वाजवला. प्लंबर आला, टक्‌. माकडं, टक्‌. शाळेची सहल आली तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवून दिला.

"जावईबापू, यात अस्वल कुठे आहे?"

"आहे की. मधे मधे आहे."

"मधे मधेच आहे. तुम्ही फेरी लिहिलीत. जसे चालत गेलात तसं लिहिलंत. आधी मोर, कारण मोरांचा पिंजरा आधी लागतो. बरोबर?"

तो चकित झाला. खरंच की! एवढ्या वर्षांत त्यानं प्राणिसंग्रहालयाचा अहवाल नेहमी असाच लिहिला होता, आणि फेरी कधी चुकली नव्हती. तिथल्या सगळ्याच कीपरांची ही रीत होती. ज्या वाटेनं चालायचं त्याच वाटेनं लिहायचं, म्हणजे काही राहून जात नाही. मुकादमाला ते चालत होतं, कारण मुकादमही त्याच वाटेनं चालत असे.

"पण त्या दातांच्या डॉक्टरांना तुमची वाट चालायची नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना एकच ठरवायचंय, यायचं की नाही. त्यांना ते ठरवता येईल असं लिहा. फेरी नको, अस्वल लिहा."

"मी ह्यांना गेली कित्येक वर्षं हेच सांगतेय," बायको दारात येऊन म्हणाली. "मुद्द्यावर या, मुद्द्यावर या. माझं कधी ऐकलं नाही. आईनं सांगितलं की लगेच डोळे विस्फारले!"

"तू गप गं," आई आणि नवरा दोघंही एकदम म्हणाले.

आणि मग शिकवणी सुरू झाली. अहो, काय शिकवणी होती ती! सासूबाईंनी नियमांचं एक अक्षर सांगितलं नाही. फक्त खुर्चीत ताठ बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मला काही दिसत नाही. एक वाक्य सांगा. पहिलं. समजा, त्या डॉक्टरांनी तेवढंच वाचलं आणि त्यांना कुणी हाक मारली. तेवढ्यात काय कळलं पाहिजे?"

तो विचारात पडला. डोकं खाजवलं. "म्हातारी खात नाही."

"वय झालेली जनावरं खात नाहीत. साहेबही तेच म्हणतात. मग तुमचं काय वेगळं?"

"तिला भूक आहे! खायचंय तिला, पण खाता येत नाही!"

"हं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे लिहा. आणि आता मला प्रश्न पडला, कशावरून? भूक आहे हे कशावरून?"

"बादलीचा आवाज आला की सगळ्यांच्या आधी जाळीशी येते."

"झालं तर. हे दुसरं वाक्य. आता पुढचा प्रश्न मी विचारत नाही. तुम्हीच ओळखा मला काय विचारावंसं वाटतंय."

तो त्यांच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत राहिला. रोज जाळीशी उभा राहून मुक्या जनावराला काय हवंय ते ओळखणारा माणूस तो; त्याला एकाएकी लक्षात आलं की हे तसंच आहे. वाचणारा समोर नसतो, बोलत नसतो, पण त्याला काहीतरी हवं असतं. "मग खाता का येत नाही, हे विचारायचंय तुम्हाला."

"शाब्बास!"

इतक्या वर्षांत सासूबाईंनी त्याला शाब्बास म्हटलेलं त्याला आठवत नव्हतं. त्याला आतून इतका आनंद झाला की तो पुन्हा मोरावर घसरणार होता, पण चमचा उचललेला पाहून सावरला.

मऊ भोपळा खाते, गाजर टाकते, हे झालं. सासूबाईंनी विचारलं, "कुठल्या बाजूनं चावते?"

त्याला माहीत नव्हतं.

आता बघा, हा माणूस त्या अस्वलापुढे आयुष्य घालवून बसलेला. तिच्या खोकल्यावरून हवा ओळखणारा. आणि ती कुठल्या बाजूनं चावते, हे त्याला सांगता येईना! बोलताना हे त्याच्या कधी ध्यानात आलं नसतं. बोलताना माणूस हात हलवतो, पुढे जातो, भोक तसंच राहतं आणि कुणाला दिसत नाही. लिहायला बसला तेव्हा वाक्याच्या मधोमध जागा रिकामी राहिली.

"मग उद्या बघून या," सासूबाई म्हणाल्या. "आणि पाणी कसं पिते तेही बघा. माझी दाढ दुखायची तेव्हा गार पाणी लागलं की डोक्यात कळ जायची."

दुसऱ्या दिवशी तो जाळीशी मांडी ठोकून बसला. तोंड बंद. येणारेजाणारे थबकले. तिकीट फाडणारा म्हणाला, "अरे, याला बरं नाहीये की काय?" त्यानं गाजर टाकलं. म्हातारीनं उचललं, मान उजवीकडे कलली, घास उजवीकडे गेला, एकदा चावला आणि गळून पडला. त्यानं गार पाण्याची परात सरकवली. ती प्यायली आणि डोकं झटकलं. मग त्यानं ऑफिसातून कोमट पाणी आणलं. प्यायली, झटकलं नाही. पुन्हा गार. झटकलं. आणि तेव्हा कुठे त्याला तिचा डावा गाल दिसला. तिथले केस घासून गेले होते, आणि भिंतीवर त्याच उंचीला तेलकट डाग पडलेला होता. रोज त्या भिंतीपुढून जात होता तो! स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या त्यानं.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं सगळं वाचून दाखवलं. चमचा एकदाच वाजला. त्यानं लिहिलं होतं, "तिची दाढ किडली आहे."

"तुम्ही पाहिली?"

"नाही, पण..."

"मग तसं लिहू नका. जे पाहिलंत ते पाहिलं म्हणून लिहा, जे वाटतं ते वाटतं म्हणून लिहा. दाढ किडलीय की नाही, हे बघायलाच तर त्यांना बोलावताय."

त्यानं खोडलं. पुन्हा वाचलं. प्रत्येक वाक्य आधीच्याचा हात धरून येत होतं. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि हळूच म्हणाल्या, "दिसली हो मला तुमची म्हातारी." मग त्यांनी सहज विचारलं, "बाकी ती ठणठणीत आहे ना?"

तो कागदाची घडी घालू लागला.

"अहो," बायको म्हणाली, "तिचे पाय? मागच्या आठवड्यात तुम्हीच म्हणत होतात, मागचे पाय गेलेत म्हणून."

"पायांचा इथे काय संबंध?" तो ताडकन म्हणाला. "ते लिहिलं की संपलंच सगळं. साहेब तेच म्हणतात, डॉक्टर तेच म्हणतात, वय झालं, वय झालं. त्या दातांच्या डॉक्टरांनी पाय वाचले की तेही म्हणतील, जाऊ दे, कशाला उगाच. मी माझ्या हातानं तिचा मृत्यू लिहू का? नाही लिहिणार!"

सासूबाईंसमोर त्याचा आवाज असा कधी चढला नव्हता. बायकोचा हात पदराशी गेला. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"ते येतील," त्या शांतपणे म्हणाल्या. "ती उठताना धडपडेल, आणि सगळ्यांत आधी त्यांना तेच दिसेल. मग तुमच्या गालावर, तुमच्या पाण्यावर त्यांनी विश्वास कशाला ठेवावा? म्हणतील, या माणसानं सोयीचं तेवढं लिहिलंय. जावईबापू, तुम्ही इतकं बघितलंत. बघितलेलं लपवू नका."

तो उठून गॅलरीत गेला. खाली रस्त्यावर दुकानं बंद होत होती, शटर ओढल्याचे आवाज येत होते. त्याला सोमवार दिसत होता. साहेबांची खुर्ची, टेबलावर त्याचा कागद, आणि 'पाय' या शब्दावर टेकलेलं कुणाचंतरी बोट. मग आत आला आणि त्यानं कागद पुन्हा पुढ्यात ओढला.

"कुठे लिहू, आई? अगदी शेवटी?"

"शेवटी लिहिलंत तर तेच मनात राहील. आरंभी लिहिलंत तर पुढचं कुणी मनावर घेणार नाही. तुमचं तोंडाचं सगळं सांगून झालं की वाचणारा स्वतःच विचारेल, आणखी काही? तिथे लिहा. एक वाक्य. रडगाणं नको."

आणि तो परिच्छेद असा झाला. मी तो पाहिलाय, म्हणून जसाच्या तसा देतो:

"आमच्या अस्वलांतली सर्वांत वयस्कर मादी भूक असूनही खाऊ शकत नाही, आणि मला वाटतं, दुखणं तिच्या तोंडात डाव्या बाजूला आहे. भूक आहे, कारण बादलीचा आवाज आला की ती आजही सगळ्यांच्या आधी जाळीशी येते. मऊ भोपळा आणि उकडलेलं अंडं ती संपवते. गाजर आणि सफरचंद तोंडात घेते, एकदा चावते आणि टाकते. चावताना तिची मान उजवीकडे कलते आणि घास उजव्याच बाजूला राहतो. गार पाणी प्यायल्यावर ती डोकं झटकते, कोमट पाण्यावर झटकत नाही. डावा गाल ती भिंतीला घासते, तिथले केस गेले आहेत. तिचे मागचे पाय थकले आहेत आणि उठताना ती धडपडते. ते वयाचं असावं, तोंडाशी त्याचा संबंध मला दिसत नाही. तोंडाच्या आत मी पाहिलेलं नाही. ते पाहायला आपण यावं, अशी विनंती आहे."

ऑफिसातल्या बाईंनी टाइप करता करता मान वर केली. "हे तू लिहिलंस?"

"आमच्या सासूबाईंनी लिहवून घेतलं," तो म्हणाला, आणि पुढे एक शब्द बोलला नाही. बाईंना वाटलं, याला खरंच बरं नाहीये.

सोमवारची मीटिंग सुरू व्हायच्या आधीच साहेबांचा फोन वाजला. दातांचे डॉक्टर होते. म्हणाले, "गुरुवारी येतो. तोवर त्या अस्वलाला काही करू नका." साहेबांनी कागद पुन्हा एकदा वाचला, या खेपेला सावकाश, आणि मीटिंगमध्ये अस्वलाचा विषय पुढे ढकलला.

गुरुवारी डॉक्टर आले. किडकिडीत, घाईतला माणूस. जाळीशी उभं राहून त्यांनी गार पाणी मागवलं, कोमट मागवलं, म्हातारीचं डोकं झटकणं स्वतः पाहिलं, आणि मग भूल दिली. ती हळूहळू आडवी झाली. त्यांनी तोंड उघडलं, आत दिवा धरला. डावीकडची वरची दाढ उभी चिरलेली होती, मुळाशी पू साठला होता. "ये, बघ," त्यांनी रेडिओला बोलावलं. त्यानं पाहिलं. इतका काळ ती हे सोसत होती! त्यानं तिचा डावा गाल हळूच कुरवाळला.

दाढ निघाली. मग वाट बघणं आलं. म्हातारी उठेना. इतर अस्वलं अशा वेळी केव्हाच कान हलवू लागतात, ही थंडगार पडून होती. डॉक्टर पुन्हा पुन्हा तिच्या छातीला नळी लावत होते. साहेब येरझारा घालत होते. रेडिओ तिच्या डोक्याशी उकिडवा बसला होता. शेवटी एकदाची तिची एक पापणी हलली. मग नाक. मग तिनं मान उचलली, पुन्हा टाकली, पुन्हा उचलली.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि घाम पुसला. "थोडक्यात वाचली," ते म्हणाले. "मी आलो तेव्हा ती जाळीशी उभीच होती, धडपड मला दिसली नसती. तू पायांचं लिहिलं होतंस म्हणून भुलीचं औषध मी निम्म्यावर आणलं, वरून जपून दिलं. एवढ्या अशक्त जनावराला नेहमीचं दिलं असतं, तर ही उठली नसती. या निम्म्यानंच बघ किती वेळ घेतला." बॅग बंद करता करता म्हणाले, "लोक मला हवं तेवढंच लिहितात. तू नको ते लिहिलंस. चांगलं केलंस."

रेडिओनं त्यांची बॅग उचलली आणि गाडीपर्यंत नेऊन ठेवली.

संध्याकाळी त्यानं घराचं दार उघडलं. सासूबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. दोघींनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. चपलाही न काढता तो म्हणाला, "म्हातारी वाचली."

बायकोनं दाराला हात टेकला आणि डोळ्यांना पदर लावला.

"कशावरून?" सासूबाईंनी विचारलं. आवाज कापत होता, तरी विचारलं. अशी बाई!

"उठून जाळीपर्यंत आली. माझा हात हुंगला. दाढच होती, डावीकडची." मग तो त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसला. "आणि पायांचं वाचून त्यांनी औषध कमी दिलं. नाहीतर गेली असती. त्यांनीच सांगितलं. आई, मी ते गाळणार होतो."

सासूबाईंनी हात पुढे केला. नीट दिसत तर नव्हतं. आधी त्याचा खांदा लागला, मग डोकं. तिथे त्यांनी तो हात राहू दिला.

"पण गाळलं नाहीत," त्या म्हणाल्या. "हातपाय धुऊन या. आणि आता सगळं सांगा, तुमच्या पद्धतीनं, अगदी सकाळपासून. मला काही घाई नाही."